मत, पाकीट, भंडारा आणि मशीन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापूरचा. शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं आणि निवडणूक आली की आधी पेटी, पुढे मशीन घेऊन कधी अक्कलकोटकडे, कधी करमाळ्याकडे ड्युटीवर गेलो. आता निवृत्त आहे. शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या ओट्यावर आम्ही काही जण जमतो. जगातल्या लोकशाहीवर बोलायचं ठरवून बसतो आणि अर्ध्या तासात गाडी आपल्या प्रभागात येते. नंतर आठवडाभर फोनवर प्रश्न येत राहतात, बहुतेक तेच ते. म्हणून एकदाची उत्तरं लिहून काढली. खाली लोकप्रतिनिधित्व कायदा म्हटलं आहे तो लोकसभा-विधानसभेचा. महापालिका, झेडपी, ग्रामपंचायतीचे कायदे वेगळे आहेत. फरक महत्त्वाचा असेल तिथे सांगितला आहे.

१. जास्त मतं ज्याला तो जिंकला. एवढं सरळ असताना त्यात नीती-अनीती कुठून आली?

गल्लीत चाळीस घरं आहेत. एकोणचाळीस घरांनी हात वर करून ठरवलं की चाळिसाव्या घराचं नळकनेक्शन तोडायचं. बहुमत झालं. न्याय झाला का?

स्वित्झर्लंडला आपण लोकशाहीचं माहेरघर म्हणतो. तिथे बायकांना मताचा हक्क द्यायचा का, यावर १९५९ साली सार्वमत झालं. मत देणारे सगळे पुरुष. त्यांनी नाही म्हटलं. देशपातळीवर हा हक्क मिळायला १९७१ उजाडलं आणि आपेन्झेल इनररोडेन या छोट्या प्रांतात तर १९९० साली कोर्टाला सांगावं लागलं. जर्मनीत मार्च १९३३ मध्ये संसदेनं मतदान करूनच हिटलरच्या सरकारच्या हाती कायदे करण्याचे अधिकार दिले. म्हणजे मोजणी बरोबर असूनही निर्णय चुकू शकतो. आपल्याकडे मूलभूत हक्क बहुमताच्या आवाक्याबाहेर ठेवले ते त्यासाठीच.

मला स्वतःला या सगळ्या प्रश्नांत एक धागा दिसतो. मतदार झाकलेला असावा आणि सत्ता उघडी असावी, अशी लोकशाहीची मूळ मांडणी. सध्या जगभर गाडी उलटी चालली आहे. मतदाराचं सगळं दिसतं, सत्तेचं काही दिसत नाही. पुढची बरीच उत्तरं यावर येऊन थांबतात.

२. पाकीट सगळ्यांचं घेतलं, मत मात्र माझ्या मनानं दिलं. यात माझी काय चूक?

कायद्यानं चूक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० मध्ये मतासाठी पैसे देणं ही जशी लाच, तशी ते घेणं हीसुद्धा लाच. ही तरतूद ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत लागू आहे. आधी ती भारतीय दंड संहितेत १७१-ब म्हणून होती.

आता कायदा बाजूला ठेवून बोलू. पूर्वी मी भाषणात एक हिशोब मांडायचो. हजार रुपये भागिले पाच वर्षं, म्हणजे दिवसाला पंचावन्न पैसे. पंचावन्न पैशांत स्वतःला विकता का, असं म्हटलं की टाळ्या पडायच्या. एकदा पूर्वभागात एका सभेनंतर विड्या वळणारी एक बाई जवळ आली. मांडीवर सूप नव्हतं तरी बोटं सवयीनं हलत होती. म्हणाली, "गुरुजी, हजार घेतले नसते तर पाणी रोज येणार होतं का?"

तेव्हापासून तो हिशोब मी सांगत नाही.

तिचा मुद्दा असा होता की पाच वर्षांत मिळणारी एकच गोष्ट तिला दारात येऊन हातात मिळते आणि तीच आम्ही शहाणे तिला सोडायला सांगतो. हे खरंच आहे. तरीही मी तिला इतकंच म्हटलं की वाटणारा ते पैसे कुठून तरी वसूल करणार. रस्त्याच्या कामातून, ड्रेनेजच्या टेंडरमधून. आणि ज्याच्याकडे वाटायला नाही, तो चांगला असला तरी उभाच राहणार नाही. पाकिटामुळे तिचं मत बदललं नाही, हे मी मान्य करतो. पण तिच्यापुढे कोणकोण उभं राहील, ती यादी पाकिटानं आधीच ठरवली होती. तिला ते पटलं की नाही माहीत नाही. "बघू की," म्हणाली आणि गेली.

घेणारीपेक्षा देणाऱ्याचा दोष मोठा, हे माझं मत आहे. कायदा तसा फरक करत नाही.

३. पैसे देताना बेलभंडारा उचलायला, म्हणजे देवाची शपथ घ्यायला लावलं. आता दुसऱ्याला मत दिलं तर शब्द मोडल्याचं पाप लागेल का?

हा प्रश्न माळशिरस, सांगोला, मंगळवेढा सगळीकडून येतो. कुठे भंडारा, कुठे दूध-भाकरीवर हात, कुठे पोराच्या डोक्यावर.

उमेदवारानं किंवा त्याच्या माणसानं मतदाराला देवाच्या कोपाची भीती घालणं हे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(२) खाली गैरवाजवी दडपण ठरतं आणि त्यावरून निवडणूक रद्द होऊ शकते. म्हणजे कायद्याच्या नजरेत दोषी तुम्ही नाही, भंडारा पुढे करणारा आहे.

पापाचं मी काय सांगणार? एवढं सांगतो की आपल्याकडे भंडारा उचलायची चाल खरं बोलण्यासाठी होती. बांधाचा वाद, चोरीचा आळ, अशा वेळी. विकत घेतलेला माल हातातून निसटू नये म्हणून तो देवाच्या नावानं बांधून ठेवायचा, हा त्या भंडाऱ्याचाच अपमान आहे. एका गावात एका म्हाताऱ्या आजोबांनी याचा निकाल स्वतःपुरता लावला होता. पाकीट आलं की ते म्हणायचे, "पैसे राहू दे, भंडारा तेवढा लाव कपाळाला."

४. मत गुप्त असतं म्हणता. मग आमच्या वस्तीनं कुणाला दिलं हे निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्यांना कसं कळतं?

कारण तुमचं एकट्याचं मत गुप्त आहे, तुमच्या केंद्राचं नाही. मतमोजणी मशीननिहाय होते आणि नमुना २० मध्ये प्रत्येक केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते छापून येतं. एका केंद्रावर साधारण हजारभर नावं. खेड्यात एक केंद्र म्हणजे एक गाव, शहरात दोन-चार गल्ल्या. त्यात भावकी, समाज, आडनावं माहीत असली की पेन्सिल घेऊन बसणाऱ्या कार्यकर्त्याला कोण कुठे गेलं याचा अंदाज बांधायला तासही लागत नाही. मग "तुमच्या वस्तीतून फक्त ४१ मतं" असं ऐकवलं जातं आणि बोअरवेल दुसऱ्या वस्तीत पडते.

मतपत्रिकेच्या काळात गरज असेल तिथे अनेक पेट्यांमधल्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजायची सोय नियमात होती. मशीन आलं आणि ती सोय गेली. त्यावर उपायही ठाऊक आहे. टोटलायझर नावाचं उपकरण लावून काही मशीनची बेरीज एकदम काढायची, म्हणजे एकेका केंद्राचा आकडा दिसत नाही. निवडणूक आयोगानं हा प्रस्ताव २००८ साली दिला. विधी आयोगानं २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली. अजून तो नियमात आलेला नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. केंद्रनिहाय आकडे असल्यामुळे गडबड पकडता येते, असं म्हणणारे आहेत आणि त्यांचं म्हणणं फेकून देण्यासारखं नाही. तेच पुढच्या प्रश्नात दिसेल.

५. मारकडवाडीच्या लोकांनी मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं ते बरोबर होतं का?

माळशिरस तालुक्यातलं हे गाव २०२४ च्या विधानसभेनंतर देशभर गाजलं. मतदारसंघात उत्तमराव जानकर जिंकले, पण गावच्या आकड्यांत राम सातपुते यांना १,००३ आणि जानकरांना ८४३ मतं दिसली. गावातल्या जानकर समर्थकांना हे पटेना. त्यांनी ३ डिसेंबर २०२४ रोजी स्वखर्चानं मतपत्रिकेवर चाचणी मतदान ठेवलं. प्रशासनानं जमावबंदी लावली, पोलीस आले, मतदान झालं नाही आणि गुन्हे दाखल झाले.

अशा मतदानाला कायद्यात जागा नाही, हे उघड आहे. पण लोकांना आपलं मत पुन्हा मोजून बघावंसं वाटलं यात गुन्हेगारी काय होती, हे मला अजून कळलेलं नाही. शंका घेणाऱ्याला लाठी दाखवली की शंका दुप्पट होते. समजावून सांगायला अधिकारी गावात दोन दिवस बसले असते तर स्वस्तात पडलं असतं.

मात्र त्या बेतात एक खोट होती आणि तिच्याबद्दल कुणी बोललं नाही. गावानं, गावात, गावच्या पुढाऱ्यांसमोर मतदान घ्यायचं. ज्या बाजूचा मांडव, त्या बाजूला मत न देणारा माणूस तिथे येईल? आला तर खरं मत देईल? आणि न येणाऱ्यांची नावं संध्याकाळी पारावर मोजली जाणार नाहीत? सरकारी केंद्रात पुठ्ठ्याची का होईना आडोशाची खोकी असते. तो आडोसा कमकुवताच्या बाजूनं उभा असतो.

६. एका वाक्यात सांगा, ईव्हीएमवर विश्वास ठेवायचा की नाही?

एका वाक्यात सांगता येत नाही.

मशीनमध्ये फेरफार झाल्याचं कोर्टात सिद्ध झालेलं नाही. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं मतपत्रिकेकडे परतायला नकार दिला. सोबत एक वाट दिली. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पैसे भरून विधानसभा क्षेत्रातल्या ५ टक्के मशीनची तपासणी मागता येते. व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कुणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या यंत्राची, चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते आणि प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून ताळा घेतला जातो.

जर्मनीत २००९ साली घटनात्मक न्यायालयानं वेगळाच मुद्दा धरला. मशीनमध्ये घोटाळा झाला का, हे त्यांनी विचारलंच नाही. तांत्रिक ज्ञान नसलेल्या साध्या नागरिकाला मोजणी स्वतः तपासता येते का, एवढं विचारलं. येत नाही, म्हणून ती यंत्रं घटनाबाह्य ठरवली. ब्राझीलमध्ये १९९६ पासून यंत्रं आहेत, निकाल काही तासांत लागतो, तरी हरलेल्यांच्या समर्थकांनी ८ जानेवारी २०२३ ला संसदेत घुसून मोडतोड केली. त्याच्या दोन वर्षं आधी अमेरिकेत, जिथे बहुतेक मतं कागदावर असतात, तिथेही तेच झालं. म्हणजे कागदानं हरणारा शहाणा होतो असंही नाही.

माझा कल जर्मन कोर्टाच्या प्रश्नाकडे आहे. आपल्या महापालिका निवडणुकीत व्हीव्हीपॅट नसतं, हे लक्षात घ्या. एका प्रभागात चार मतं द्यायची आणि एकाचीही चिठ्ठी दिसत नाही. तिथे निदान चिठ्ठी मागायला काय हरकत आहे?

७. लाडकी बहीण म्हणजे सरकारी पाकीटच ना?

भांडणं होतात या प्रश्नावर. आमच्या ओट्यावर दोन बहिणींनी एकमेकींशी बोलणं सोडलं होतं महिनाभर.

योजना जून २०२४ मध्ये जाहीर झाली. २१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या महिलांना महिन्याला १,५०० रुपये. मतदान होतं २० नोव्हेंबर २०२४ ला. वेळ बघून कुणालाही हसू येईल. पण कायद्यानं ती लाच नाही. कलम १७० मधला सार्वजनिक धोरण जाहीर करण्याविषयीचा अपवाद आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा तामिळनाडूतल्या मोफत टीव्हीबाबतचा निकाल, दोन्ही त्याच बाजूनं आहेत.

मी फरक असा करतो. पाकीट मताच्या बदल्यात असतं. योजनेत निकष छापलेले असतात आणि विरोधात मत देणारीलाही पैसे मिळतात, निदान मिळायला हवेत. ज्या क्षणी कुणी म्हणतो, "मत दिलं नाही तर हप्ता बंद करीन," त्या क्षणी ती योजना राहत नाही, धमकी होते. अशी ध्वनिफीत असेल तर जपून ठेवा.

आणि पैसे निवडणुकीच्या तोंडावरच का आठवले, हा प्रश्न विचारायचा हक्क हप्ता घेणाऱ्या बाईलाही आहे. हप्ता घेतला म्हणून तोंड शिवायचं नसतं.

८. पक्षांना पैसा कोण देतं, हे आम्हाला कळायला हवं की नको?

हवं. निवडणूक रोखे २०१८ पासून चालू होते. स्टेट बँकेतून कुणीही रोखा घ्यायचा, पक्षाला द्यायचा, नाव कुठे छापायचं नाही. १६ हजार कोटींहून जास्त रुपयांचे रोखे विकले गेले. १५ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठानं एकमतानं ही योजना रद्द केली. मतदाराचा माहितीचा हक्क डावलला जातो, हे कारण. मार्चमध्ये नावं बाहेर आली.

उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, आपल्याकडे लोकसभेला ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. घराच्या पुढच्या दाराला कुलूप आणि मागची भिंतच नाही, तशातली गत. अमेरिकेत २०१० च्या एका निकालानंतर कंपन्यांनी प्रचारावर स्वतंत्रपणे करायच्या खर्चाची वेसण सुटली, म्हणजे ही अडचण आपल्या एकट्याची नाही.

९. मी एका पक्षाला मत दिलं, माणूस दुसऱ्या पक्षात गेला. माझ्या मताचं काय?

तुम्हाला परत मिळत नाही. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनं दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी आली. एक-तृतीयांश फुटीची सवलत २००३ मध्ये काढली, दोन-तृतीयांश विलीनीकरणाची राहिली. म्हणजे एकट्यानं उडी मारली तर गुन्हा, टोळीनं मारली तर विचारमंथन. निर्णय सभागृहाचे अध्यक्ष देणार आणि अध्यक्ष बहुधा सत्तेतल्या पक्षाचे. महाराष्ट्रानं २०२२ नंतर हे सगळं घरबसल्या पाहिलं, पुन्हा सांगत नाही. नगरसेवकांसाठी राज्याचा वेगळा अनर्हता कायदा आहे.

१०. आमच्या भागात तेलुगूत पत्रकं वाटतात, पलीकडे कन्नडमधून भाषण. भाषेवर मत मागायला बंदी आहे ना?

खास सोलापुरी प्रश्न. इथे एका रिक्षात चार भाषा बसतात.

तेलुगूत पत्रक छापणं, कन्नडमधून बोलणं, उर्दूत फलक लावणं याला कसलीही बंदी नाही. उलट ज्याला जी भाषा कळते तीत सांगणं हे कर्तव्यच. बंदी आहे ती "आपल्या भाषेचा आहे म्हणून याला मत द्या" किंवा "तो अमक्या भाषेचा आहे म्हणून देऊ नका" या आवाहनाला. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) मध्ये धर्म, वंश, जात, समाज आणि भाषा, सगळे आहेत. २ जानेवारी २०१७ ला सात न्यायमूर्तींच्या पीठानं चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म, जात किंवा भाषा पुढे करून मत मागणंही यात येतं.

अवघड जागा पुढे आहे. "विणकर समाजाच्या मजुरीचा प्रश्न मी सोडवीन" हे जातीचं आवाहन की कामाचं? अन्याय जातीवरून झाला असेल तर त्याबद्दल जातीचं नाव न घेता बोलायचं कसं? २०१७ च्या निकालात वेगळं मत देणाऱ्या तिघांचा आक्षेप नेमका हाच होता. मला तो आक्षेप जास्त पटतो. प्रश्न मांडायला नाव घ्यावंच लागतं. मत मागायला तेवढंच पुरेसं कारण असू नये.

११. उमेदवारावर गुन्हे आहेत का, कुठे बघायचं?

अर्जासोबतच्या शपथपत्रात. निवडणूक आयोगाच्या 'नो युवर कँडिडेट' अ‍ॅपवर मिळतं. आंदोलनातला गुन्हा आणि खंडणीचा गुन्हा एकाच रकान्यात दिसतो, म्हणून आकडा मोजू नका, कलमं वाचा.

१२. गावाची निवडणूक बिनविरोध झाली तर भांडणं टळतात. मग बिनविरोधला नावं का ठेवता?

सगळ्यांनी बसून, खरोखर समजुतीनं ठरवलं असेल तर मी कशाला नावं ठेवू? पण मी विचारतो की बैठकीला बायका होत्या का, शिवेबाहेरची वस्ती होती का, आणि "नाही" म्हणायची कुणाची छाती होती का. अर्ज भरायला निघालेल्याला रस्त्यात अडवून झालेली बिनविरोध ही निवडणूकच नव्हे.

कधी त्यात थेट पैसा असतो. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी इथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याचं उघड झालं. एकीकडे बोली दोन कोटींच्या वर, दुसरीकडे ४२ लाख. कारण सांगितलं गेलं मंदिराचं. राज्य निवडणूक आयोगानं दोन्हीकडची निवडणूक रद्द केली.

बिनविरोध झाली की नोटाही, म्हणजे 'वरीलपैकी कुणीही नको' हे बटणही वापरता येत नाही, हे विसरू नका. २०२४ ला सुरतच्या मतदारांना लोकसभेला मतच द्यायला मिळालं नाही. इंदूरमध्ये उमेदवारानं ऐनवेळी माघार घेतली तेव्हा निदान २ लाख १८ हजारांवर लोकांनी नोटा दाबून दाखवला. नियम असा की लोकसभा-विधानसभेत नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तरी पुढचा उमेदवार जिंकतो. महाराष्ट्रातल्या स्थानिक निवडणुकांत मात्र २०१८ च्या आदेशाप्रमाणे पुन्हा मतदान घ्यायचं आहे.

१३. नगरसेवक नव्हते तेव्हा प्रशासकानं कामं बरी केली. निवडणुका हव्यात कशाला?

सोलापूर महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्टाच्या तारखा अशी कारणं. घटना सांगते की मुदत संपायच्या आत निवडणूक व्हावी. शेवटी सर्वोच्च न्यायालयाला ६ मे २०२५ ला कान धरावा लागला.

त्या काळात पाणी चार-चार दिवसांआड येत होतं, आधीही येत होतं. फरक एवढा पडला की नळ कोरडा असताना ज्याच्या दारात जाऊन ओरडावं असं दारच नव्हतं. साहेब मीटिंगमध्ये. नगरसेवक कसाही असला तरी त्याला लग्नाला, मयताला गल्लीत यावं लागतं. तिथे लोक गाठतात.

आणि "एकहाती कारभार बरा" हे वाक्य या गावात तरी जपून वापरावं. मे १९३० मध्ये इथे मार्शल लॉ लागला होता. तोही कार्यक्षमच होता. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यांच्या नावाच्या चौकातून आपण रोज जातो.

१४. मतदानाच्या आदल्या रात्री उमेदवाराच्या आवाजातली क्लिप आली. खरी की खोटी कसं ओळखायचं?

रात्रीत नाही ओळखता येत, म्हणूनच ती रात्री येते. स्लोव्हाकियात सप्टेंबर २०२३ च्या निवडणुकीआधी दोन दिवस एका पक्षप्रमुखाच्या आवाजातली बनावट क्लिप फिरली. प्रचारबंदीचा काळ असल्यानं खुलासा पोचवणंही अवघड झालं. रुमानियात ६ डिसेंबर २०२४ ला घटनात्मक न्यायालयानं अध्यक्षपदाची पहिली फेरीच रद्द केली, टिकटॉकवरच्या छुप्या प्रचाराच्या संशयावरून. आता कोर्टानं मतदान पुसून टाकणं लोकशाहीला तारतं की मारतं, यावर तिथे अजून वाद आहे.

आपण एवढं करू शकतो की शेवटच्या अठ्ठेचाळीस तासांत आलेलं काहीही पुढे पाठवायचं नाही. खरं असलं तरी. दोन दिवसांनी पाठवा, कुणाचं काही अडत नाही.

१५. मी पुण्यात नोकरीला, नाव सोलापुरात. उमेदवार बस पाठवतो, जेवणही देतो. जाऊ का?

गावी या, पण त्याच्या बसनं नको. मतदाराला केंद्रावर फुकट नेण्या-आणण्यासाठी उमेदवारानं वाहन ठरवणं हा कलम १२३(५) खाली भ्रष्टाचार आहे. स्वतःच्या तिकिटानं एसटी, रेल्वे चालते. कायद्यात एक जुनी गंमतही शिल्लक आहे. मतदारांनी वर्गणी काढून भाड्यानं घेतलेलं वाहन चालतं, पण ते यंत्रावर चालणारं नसावं. म्हणजे हडपसरहून बैलगाडी जुंपायला हरकत नाही.

खरा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही बारा महिने पुण्यात राहता, पोरं तिथल्या शाळेत, कचरा तिथे टाकता, तर नाव तिथे हवं. नमुना ८ भरून बदलता येतं. दोन्हीकडे नाव ठेवणं हा गुन्हा आहे. ऊसतोडीला सहा महिने जाणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांचं घर गावीच असतं आणि मतदान हंगामात आलं की त्यांचा हक्क फडातच राहतो. त्यांच्यासाठी कुणी बस पाठवत नाही. कोयत्याची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे घेतलेला माणूस मुकादमाला विचारल्याशिवाय हलू शकत नाही.

१६. कारखान्याचा मालक म्हणतो, मतदानाला गेलास तर खाडा.

लोकसभा-विधानसभेला कलम १३५-ब प्रमाणे पगारी सुट्टी द्यावी लागते, रोजंदारीवरच्या कामगारालाही. न देणाऱ्या मालकाला दंड फक्त पाचशे रुपयांपर्यंत, त्यामुळे मालक घाबरत नाही, हेही सांगून टाकतो. घरी विड्या वळणारीला किंवा नगावर मजुरी घेणाऱ्याला सुट्टी म्हणजे बुडालेली कमाई. त्यांनी सकाळी सातला जावं, रांग कमी असते.

१७. मतदान सक्तीचं का करत नाहीत?

ऑस्ट्रेलियात १९२४ पासून आहे, न गेल्यास थोडा दंड. चालतं तिथे. आपल्याकडे दंड भरणार कोण, तर प्रश्न १५ मधला ऊसतोड्या आणि १६ मधली विडीवाली. म्हणून माझा विरोध.

१८. आईला दिसत नाही. सोबती म्हणून मी जातो, बटण मी दाबतो. तिला उमेदवारांतलं काही कळत नाही. तिनं सांगितलं त्याऐवजी चांगल्याला दिलं तर?

नाही.

नियमाप्रमाणे अंध किंवा अपंग मतदारासोबत अठरा वर्षांवरचा एक सोबती जाऊ शकतो. एका दिवसात एकालाच सोबत करता येते. तिच्या वतीनं दिलेलं मत गुप्त ठेवीन असं लिहून द्यावं लागतं आणि नाव नमुना १४-अ मध्ये नोंदवलं जातं. आधी हे बघा की तिला सोबती हवाच आहे का. मशीनवर ब्रेलमध्ये क्रमांक असतात, आणि ब्रेल येत नसलं तरी बोटानं वरून किती नंबर ते मोजता येतात. काही जणी घरी पाटीवर सराव करून येतात. ८५ वर्षांवरच्यांना लोकसभा-विधानसभेला घरूनही मत देता येतं.

बार्शीकडच्या एका केंद्रावर मी अध्यक्ष होतो. साठीचा मुलगा आईला धरून आला. मी नियम वाचून दाखवला, त्यानं सही केली. आडोशाआड गेल्यावर म्हातारीनं मोठ्यांदा चिन्ह सांगितलं, साऱ्या खोलीला ऐकू गेलं. पोलिंग एजंट गालात हसले. लांब शिट्टी वाजली. बाहेर पडताना तिनं विचारलं, "दाबलंस न्हवं रे मी सांगितलेलं?"

तो म्हणाला, "व्हय की, आई." आणि तिची काठी हातात देताना माझ्याकडे बघायचं त्यानं टाळलं.